मालगुजारी गेली, निस्तार राहिला

चंद्रपूर-गडचिरोलीत जमीन घ्यायला निघालेल्या माणसाने आजचा सातबारा सर्वांत शेवटी पाहावा. आधी बंदोबस्ताची मिसल काढावी, मग अधिकार अभिलेख, मग गावाचे निस्तार पत्रक, त्यानंतर एकेक फेरफार. हे सगळे जुळले की मग सातबारा. दस्तलेखक म्हणून चंद्रपुरात माझी हयात गेली. माझे वडील सिंदेवाहीकडच्या एका मालगुजाराच्या वाड्यावर कारकून होते. मालगुजारी मी त्यांच्या तोंडून ऐकली, आणि पुढे तिचे काय झाले ते लोकांच्या खरेदीखतांतून पाहिले. दोन्हींतून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे : या मुलखात जमिनीची मालकी कधीच एकट्याची नव्हती. राजा, सरकार, गाव, कूळ, जंगल यांपैकी कुणाचा ना कुणाचा वाटा तिच्यात असतोच, आणि तो कुठल्या तरी कागदावर लिहिलेला असतो. मालकाला तो ठाऊक नसला म्हणून तो बुडत नाही.

ही रीत इंग्रजांच्याही आधीची. चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, गोंड राजांपैकी हीरशहाची आठवण इकडे दोन गोष्टींसाठी काढतात. जंगल तोडून जो गाव वसवील त्याला त्या गावाची सनद, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन. तलावापायी मिळालेल्या अशा जमिनीला तुकूम म्हणत. ताडोबा रस्त्यावरची तुकूम ही आज चंद्रपूरची गजबजलेली वस्ती आहे. माझे घरही तिथेच, आणि मागच्या दोन खोल्या मी किरायाने देतो. जमीन हवी तर आधी पाळ घाला, पाणी अडवा, गाव बसवा, असा तो व्यवहार होता. हक्क कामातून यायचा. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव पाहिले की त्या व्यवहाराची ताकद कळते. आज त्यांना आपण माजी मालगुजारी तलाव, बोलताना मामा तलाव म्हणतो, आणि त्यांच्या पाण्यावर अजूनही धानाच्या बांध्या पिकतात.

भोसल्यांच्या अमदानीत गावाचा वसूल पटेलाकडे असे. ठरलेली रक्कम भरायची एवढेच त्याचे काम. गावाचा धनी तो नव्हता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघोजी वारले, वारस नाही म्हणून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, आणि पुढच्या पंधरा वर्षांत चित्र पालटले. मध्यप्रांतात बंदोबस्त, म्हणजे साऱ्याची आणि हक्कांची आखणी, झाला तेव्हा या पटेलांनाच गावाचे मालक ठरवण्यात आले. चांदा जिल्ह्याचा हा बंदोबस्त मेजर ल्युसी स्मिथ याने केला. त्याचा अहवाल १८६९ चा आहे. वसुली करणारा एका पिढीत मालक झाला, त्याला मालगुजार म्हणू लागले.

पण इंग्रजांनी ही मालकी दिली ती चारी बाजूंनी बांधून दिली. गावात ज्या कास्तकारांचा हक्क जुना आणि भक्कम होता ते मलिक-मकबुजा झाले, म्हणजे आपापल्या शेताचे मालक. सारा तेवढा मालगुजारामार्फत भरायचा. त्यांच्याखाली कायम हक्काची कुळे, त्यांच्याखाली साधी कुळे. मालगुजाराची स्वतःची म्हणून जी जमीन धरली ती सीर आणि खुदकाश्त. सीर जमिनीवर कितीही वर्षे कुणाला वाहायला लावले तरी कुळाचा हक्क सहसा चिकटत नसे, म्हणून सीर वाढवण्याकडे मालगुजारांचा डोळा असे. आणि या सगळ्यांच्या बाजूला एक वेगळाच कागद : वाजिब-उल-अर्ज. गावकऱ्यांनी सरपण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, नांगराला लाकूड कुठले घ्यायचे, तलावाचे पाणी कुणाच्या बांधीत आधी सोडायचे, पांदण कुठून जाईल, स्मशान कुठे, हे सगळे त्यात गावागणिक लिहिलेले. यालाच निस्तार म्हणतात. जंगल मालगुजाराचे, पण त्यातला निस्तार गावाचा. मालगुजाराने जंगल तोडून विकले तर कुळे तक्रार घेऊन चांद्याला जात. वडील सांगत, वाड्यावरच्या दप्तरात सर्वांत जास्त हाताळलेला बस्ता याच कागदांचा होता; साऱ्याच्या पावत्यासुद्धा तितक्या हाताळल्या जात नसत. साऱ्यावर वाद नसे, आकडा ठरलेला असे. वाद व्हायचा तो लाकडाचा आणि पाण्याचा.

मालगुजारांबद्दल दोन्ही टोकांचे बोलणारे लोक मला भेटले. नजराणा घेतल्याशिवाय कुळाला शेत दुसऱ्याच्या नावे करू देत नसत, बेगार घेत, हे खरे. तलावाची पाळ फुटली तर पावसातच गडी लावून ती बांधून घेत, हेही खरे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, पाळीची जबाबदारी सरकारकडे गेली आणि किती तलाव गाळाने भरले, हे इथला प्रत्येक कास्तकार जाणतो. मालगुजारी गेली ते योग्यच झाले, असे माझे ठाम मत आहे. पण तलाव ज्याच्या अंगावर होता तो गेला आणि त्या जागी तितक्याच काळजीने पाहणारा कुणी आला नाही, हे नुकसान आपण अजून भरून काढलेले नाही.

जिल्ह्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मालगुजारीऐवजी जमीनदाऱ्या होत्या. त्यांत अहेरी सर्वांत मोठी. आलापल्लीचे सागवान तिच्याच हद्दीतले. इथली मालकी किती लवकर हात बदलू शकते ते १८५८ मध्ये दिसले. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी त्यांना पकडून दिले, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, आणि अडपल्ली व घोट परगण्यांतली ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. त्या ६७ गावांत शेती करणाऱ्या एकाही माणसाला कुणी विचारले नाही. वरची सनद बदलली, खालचे लोक तेच राहिले, आणि पुढे ९३ वर्षांनी ती सनदही गेली.

३१ मार्च १९५१. पूर्व विदर्भातल्या जमिनीच्या इतिहासात याहून मोठी तारीख नाही. आपण तेव्हा मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर. मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्याखाली त्या दिवशी जमीनदाऱ्या, मालगुजाऱ्या सरकारजमा झाल्या. काय गेले? जंगल, झुडपी जंगल, गवताची कुरणे, पडीत, गावठाणाची जागा, गावचे तलाव, मासे, नदीवरचे घाट, बाजार, आणि जमिनीच्या पोटातली खनिजेसुद्धा. काय राहिले? राहते घर आणि त्याच्या कुंपणातली जागा, त्या कुंपणातली झाडे, खाजगी विहिरी, आणि घरची शेती, म्हणजे १९४८-४९ च्या कागदांत मालकाच्या नावे सीर किंवा खुदकाश्त म्हणून लिहिलेली जमीन.

ही शेवटची अट नीट वाचा. प्रत्यक्ष कोण वाहतो यावर काही ठरले नाही, त्या एका वर्षीच्या कागदात काय लिहिले होते यावर ठरले. वडिलांच्या मालगुजाराकडे एका बाजूला घरच्या गड्यांनी वाहिलेली, पण पडीत म्हणून लिहिलेली जमीन होती, ती गेली. दुसऱ्या बाजूच्या बांध्या खुदकाश्त म्हणून लिहिलेल्या होत्या. त्या राहिल्या, आणि त्या घराची आजची पिढी त्यांवरच उभी आहे. पटवाऱ्याच्या एका रकान्याने घराचे नशीब ठरले. मी दस्तलेखक का झालो, याचे उत्तर बहुधा या गोष्टीत आहे.

कायदा येणार हे १९४८ पासूनच दिसत होते. म्हणून त्या दोन-तीन वर्षांत जमीनदारांनी जे करता येईल ते केले : सागवान विकले, बांबूचे ठेके दिले, तेंदूपानाचे हक्क बिडीवाल्यांना लिहून दिले, घरच्याच माणसांच्या नावे कागद केले. पंढरपूर नावाच्या जमीनदारीतले प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही शिकवतात. तिथल्या जमीनदाराने २६ एप्रिल १९४८ रोजी पत्नी शांताबाई यांना जंगलातले लाकूड आणि बांबू तोडून नेण्याचा हक्क २६,००० रुपयांना, डिसेंबर १९६० पर्यंत लिहून दिला. कागद झाला, नोंदणी झाली नाही. १९५१ नंतर सरकारने तोड थांबवली. २४ मार्च १९५८ रोजी निकाल लागला तो शांताबाईंच्या विरुद्ध. न्यायमूर्ती विव्हियन बोस आपल्या नागपूरचे. त्यांनी वेगळ्या निकालपत्रात लाकूड आणि उभे झाड यांतला फरक उलगडून सांगितला. तोडून लगेच न्यायचे ते लाकूड ही जंगम वस्तू. पण वर्षानुवर्षे मातीतून पोसून वाढणाऱ्या झाडांवरचा हक्क स्थावर मालमत्तेतच मोडतो, आणि शंभर रुपयांवरचा स्थावर हक्क नोंदणीशिवाय मिळत नाही. आजही कुणी मोहाची झाडे, बांबूचे बेट किंवा आमराई पाच-दहा वर्षांसाठी साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला सांगतो, तेव्हा मी त्याला शांताबाईंच्या या खटल्याची हकीकत सांगतो. बहुतेक लोक ऐकतात.

ज्यांची सीर-खुदकाश्त वाचली त्यांच्यावर दुसरी पाळी आली ती विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याने. घरची शेती ज्यांनी कुळांना लावली होती, त्यांच्याकडून ती १ एप्रिल १९६१ रोजी आणि काही जमिनी १ एप्रिल १९६३ रोजी कुळांच्या मालकीच्या झाल्या. जो राबला त्याला जमीन मिळाली, यात मला वावगे काही दिसत नाही. पण त्या धसक्याने मालकांनी कागद करणेच सोडले, आणि तो धसका अजून गेलेला नाही. आजही धानाची बांधी ठेक्याने द्या की बटईने, व्यवहार तोंडीच. पीक बुडाले की नुकसानभरपाई कुणाला, विमा कुणाचा, यावर भांडणे होतात. हे भांडण एका पानाचा वर्षाचा करार लिहून टाळता येते. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकत घेताना मात्र कलेक्टरच्या परवानगीची अट तपासा. सातबारावर भोगवटादार वर्ग दोन असे असेल तर तिथेच थांबा आणि शर्त कोणती ते विचारा. राजुऱ्याकडे घेत असाल तर आणखी एक गोष्ट. राजुरा निजामाच्या मुलखात होता, १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये आपल्याकडे जोडला गेला. तिथे कुळकायदा हैदराबादचा, १९५० चा. चंद्रपूर शहरातला नियम जुन्या राजुरा तालुक्यातल्या जिवती-कोरपन्यात लावायला गेलात तर चुकाल.

आता आदिवासींच्या जमिनीबद्दल. या विषयावर मी आवाज चढवून बोलतो, आणि लिहितानाही तसेच लिहीन. मध्यप्रांतात आदिवासींची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून १९१६ सालीच कायदा करावा लागला होता. १९४० ते १९४२ या काळात डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या अधिकाऱ्याने प्रांतभर हिंडून आदिवासींच्या हलाखीची चौकशी केली. त्याचे पुस्तक १९४४ मध्ये निघाले. स्वातंत्र्यानंतरही जमिनी जातच राहिल्या : कधी कर्जापोटी, कधी एका हंगामाच्या धान्यापोटी, कधी काय लिहिले आहे हे न कळता उठवलेल्या अंगठ्यापोटी. म्हणून १९७४ मध्ये महाराष्ट्राने जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ घातले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर कलेक्टरची पूर्वपरवानगी, आणि ती देण्याआधी राज्य सरकारची मंजुरी. दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद झाली. मोहर्लीकडे, भामरागडकडे कुणी सांगत असेल की जमीन त्याच्या नावाने राहू द्या, तुम्ही फक्त करारनामा आणि मुखत्यारपत्र करून घ्या, पुढे पाहू, तर असे करू नका. २०१० मध्ये ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचे बफर क्षेत्र झाले, पर्यटक वाढले, आणि तिकडच्या रस्त्यांवर असे कागद करून देणारे दलालही वाढले. असा कागद लिहून द्यायला मी कधीच तयार झालो नाही. त्यात पैसे बुडतात ही लहान गोष्ट. एका घराची शेवटची जमीन बुडते ही मोठी.

इथल्या जमिनीवरचा सर्वांत दाट वाटा जंगलाचा. १९५१ मध्ये मालगुजारांकडून जी झुडपी जंगले सरकारकडे आली, ती महसूल खात्याच्या कागदांत झुडपी जंगल, छोट्या झाडांचे जंगल, मोठ्या झाडांचे जंगल अशीच लिहिलेली राहिली. निस्तार पत्रकात ती गुरे चारायला, सरपणाला राखलेली. पुढे त्यांवर शाळा झाल्या, तहसील कार्यालये झाली, वस्त्या झाल्या, भाडेपट्टे दिले गेले. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी कागदात जंगल म्हणून जे लिहिले आहे ते जंगलच, मग ते कुणाच्याही नावे असो. झुडपी जंगलाचा घोळ तरीही पुढची जवळजवळ तीस वर्षे चालला, आणि नागपूर विभागाचे सहाही जिल्हे त्यात अडकले. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : झुडपी जंगल हे जंगलच. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने रीतसर दिलेल्या जागा नियमित करण्यासाठी राज्याने केंद्राची परवानगी मागावी. त्या तारखेनंतर दिलेल्या जागांबाबत त्या का आणि कुणी दिल्या हे आधी सांगावे, जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, मगच पुढचे. म्हणून चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली कुठेही प्लॉट पाहाल तेव्हा खसरा नंबर घेऊन निस्तार पत्रकात त्याच्यासमोर काय लिहिले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ले-आउटच्या रंगीत नकाशात हे कधीच छापलेले नसते.

शहरातली गोष्ट थोडी वेगळी. किल्ल्याच्या परकोटाच्या आत, जटपुरा ते पठाणपुरा, बऱ्याच जागा नझूलच्या, म्हणजे सरकारच्या; घर तुमचे, खालची जमीन भाडेपट्ट्याने. आखीव पत्रिकेवर पट्ट्याची मुदत आणि शर्त लिहिलेली असते. मुदत संपली असेल तर नूतनीकरण झाले का, शर्तभंगाची नोंद आहे का, हे पाहूनच विसार द्यावा.

आणि खाण. वरोऱ्याला कोळसा निघाला तो १८७० च्या दशकात. त्याच कोळशासाठी रेल्वे वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत आली. तेव्हापासून हा जिल्हा जमिनीखालूनही पोखरला जात आहे. कोळसाधारी क्षेत्र अधिग्रहणाचा १९५७ चा कायदा असा आहे की कलम नऊची अधिसूचना निघाली की जमीन सरकारची होते. भद्रावती, वरोरा, राजुरा, घुग्घुस या बाजूला घेताना आधीची अधिसूचना, कलम चारची किंवा सातची, निघाली आहे का ते विचारा. मोबदल्याच्या आशेने चढ्या भावात विकणारे तिथे बरेच असतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. त्या भागात घर घेणाऱ्याने खाणीचा जुना नकाशा मागितलाच पाहिजे. इरई नदीच्या काठाला तसाच पूररेषेचा नकाशा.

कोळशाने आणि कारखान्यांनी इथे घरमालकही घडवले. १९४५ मध्ये बल्लारपूरला कागद कारखाना आला, साठच्या दशकात भद्रावतीला आयुध निर्माणी आली, ऐंशीच्या दशकात दुर्गापूरला महाऔष्णिक वीज केंद्र सुरू झाले, आणि ज्याच्याकडे परसात चार पत्रे टाकायला जागा होती तो खोल्या किरायाने देऊ लागला. निवृत्त मास्तर, एसटीचे वाहक, विधवा बाया, असे हे लहान घरमालक. त्यांच्यावर विदर्भाचा स्वतंत्र कायदा होता : मध्यप्रांत व वऱ्हाडाचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश. घर रिकामे झाले की कलेक्टरला कळवायचे, आणि कलेक्टर ते सरकारी नोकराला किंवा फाळणीत विस्थापित झालेल्या कुटुंबाला देऊ शकत असे. किरायदाराला नोटीस द्यायची तर आधी किराया नियंत्रकाची परवानगी. ती मिळाली, अपिलात टिकली, की मग दिवाणी दावा. म्हणजे एकाच घरासाठी दोनदा कोर्ट. फाळणीनंतरच्या टंचाईत त्या आदेशाने कितीतरी कुटुंबांना छप्पर मिळवून दिले, आणि पुढच्या पन्नास वर्षांत तितक्याच लोकांना खोली देण्याची भीती घातली. मी अशी घरे पाहिली आहेत की ज्यांच्या मागच्या खोल्या कुलूप लावून पडून राहिल्या, पण किरायाने दिल्या नाहीत.

तो आदेश ३१ मार्च २००० रोजी संपला आणि महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा विदर्भालाही लागला. लहान घरमालकाने त्यातली दोन कलमे पाठ करावीत. कलम २४ प्रमाणे लेखी लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि खोली न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी किरायदाराची नसून घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणीचा खर्च वाचवण्यासाठी लोक अकरा महिन्यांचा नोटरी केलेला कागद करतात आणि निश्चिंत होतात. तसे होऊ नका. नोंदवलेला करार नसेल आणि वाद कोर्टात गेला, तर खोली कोणत्या अटींवर दिली होती याबाबत किरायदार जे सांगेल तेच खरे धरले जाते, जोवर मालक उलटे सिद्ध करत नाही.